ॲक्युपंक्चर : कोल्हापुरात सुई टोचून घेण्याआधी आम्हाला विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या दवाखान्यात पहिल्यांदा आलेला माणूस बाकावर टेकल्या टेकल्या जे विचारतो, ते प्रश्न इथे घेतले आहेत. फोनवर घाईत अर्धवट उत्तर दिलं जातं आणि पुढचा माणूस मनात भीती घेऊन बसतो, म्हणून हे सवडीनं लिहिलं. वाचूनही शंका उरली तर येऊन विचारा. त्याला पैसे पडत नाहीत.

सुया लई टोचत्यात का?

शंभरातले नव्वदजण सुरुवात याच प्रश्नानं करतात. इंजेक्शनची सुई डोळ्यासमोर आणली तर भीती वाटणारच. पण इंजेक्शनची सुई पोकळ असते, तिला धार असते आणि ती साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाड असते. आमची नेहमीची सुई पाव मिलिमीटरची. भरीव, लवचीक, बोटानं दाबली तर वाकणारी. टोकाला कापणारी धार नसते, त्यामुळे ती मांस कापत नाही, बाजूला सारत आत जाते.

सुई एका बारीक प्लॅस्टिकच्या नळीत असते. नळी कातडीवर टेकवायची आणि वरून बोटानं एक टिचकी मारायची. तेवढ्यात सुई कातडीच्या पार झालेली असते. दुखरा भाग म्हणतात तो फक्त कातडीचा. डेअरीला दूध घालून थेट इकडे आलेल्या एक मावशी डोळे गच्च मिटून बसल्या होत्या. चार सुया लागल्यावर म्हणाल्या, "लावा की आता, मी तयार हाय."

नंतर सुई थोडी खोल गेली की वेगळी जाणीव होते. जडपणा येतो, ठणकल्यासारखं होतं, कधी मुंग्या येतात, कधी पाण्याची धार वाहत गेल्यासारखं वाटतं. चिनी लोक याला 'दे छी' म्हणतात. ही जाणीव यायला हवी असते, तिला घाबरू नका. मात्र विजेचा झटका बसल्यासारखी तीव्र कळ आली तर लगेच सांगा. सहन करून गप्प बसू नका, आम्ही सुई मागे घेतो.

सुई टोचून दुखणं कमी कसं होईल? आत नेमकं होतं काय?

याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही सांगते.

चीनमधलं दोन हजार वर्षांहून जुनं उत्तर असं : शरीरात 'छी' नावाची प्राणशक्ती ठरलेल्या मार्गांनी वाहते, ती अडली की दुखणं येतं, आणि त्या मार्गांवरच्या बिंदूंवर सुई लावली की वाट मोकळी होते. जागतिक आरोग्य संघटनेनं प्रमाण मानलेले असे ३६१ बिंदू आहेत. शवविच्छेदन करून हे मार्ग कुणाला दिसलेले नाहीत. मी त्यांच्याकडे जुन्या वाटाड्यांनी काढलेल्या नकाशासारखं पाहते. पिढ्यान् पिढ्या माणसांच्या अंगावर हात फिरवून कुठं दाबलं की कुठं फरक पडतो, हे त्यांनी टिपून ठेवलं. तो नकाशा कामाला येतो.

आजचं उत्तर मज्जातंतूंचं आहे. सुईनं स्नायूतले बारीक मज्जातंतू जागे होतात, संदेश मणक्यातून मेंदूकडे जातो आणि मेंदू स्वतःचीच वेदनाशामकं सोडतो. त्यांना एंडॉर्फिन म्हणतात. १९७०च्या दशकातच प्रयोगांत दिसलं की नॅलॉक्सोन हे एंडॉर्फिनला अडवणारं औषध दिलं, तर ॲक्युपंक्चरचा वेदना कमी करणारा परिणामही घटतो. शिवाय सुईभोवतीचा आखडलेला स्नायू सैल पडतो आणि तिथलं रक्ताभिसरण वाढतं. सुई काढल्यावर जागेभोवती रुपयाएवढा लालसर डाग दिसतो, तो त्याचाच.

कुठल्या दुखण्यांवर खरंच उपयोग होतो?

आमच्याकडे येणाऱ्यांत सगळ्यांत जास्त दुखणी कामातून आलेली असतात. हुपरीचे चांदी कारागीर दिवसभर मान खाली घालून बसतात, त्यांची मान आणि खांद्याची पाठ दगडासारखी झालेली असते. चपला शिवणाऱ्या कारागिरांचे अंगठे आणि कंबर. उद्यमनगरात लेथवर दहा-दहा तास उभे राहणाऱ्यांच्या पोटऱ्या आणि टाचा. ऊसतोडीला गेलेल्यांचे कोपर. तालमीतल्या पोरांचे खांदे आणि गुडघे. पहाटे चारला उठून हातानं दोन-तीन म्हशींची धार काढणाऱ्या बायकांचे मनगट. रात्री हाताला मुंग्या येऊन त्या झोपेतून उठून बसतात, हात झटकतात आणि कुणाला सांगतही नाहीत.

अशा जुन्या दुखण्यांवर, म्हणजे मान, कंबर, गुडघा, खांदा यांवर ॲक्युपंक्चरचा उपयोग होतो. यावर मोठे अभ्यास झालेले आहेत.

डोकेदुखीचं वेगळं सांगायला हवं. अर्धशिशीवर २०१६ साली जगभरातल्या २२ चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. नेहमीच्या उपचारांत शंभरातल्या १७ जणांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर आले. त्यात ॲक्युपंक्चरची भर घातल्यावर ते प्रमाण शंभरात ४१ झालं. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतही ताणाच्या डोकेदुखीसाठी आणि अर्धशिशी टाळण्यासाठी पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत सिटिंग सुचवल्या आहेत. महिन्यातले आठ-दहा दिवस अंधाऱ्या खोलीत काढणाऱ्या बाईचे त्यातले चार दिवस वाचले, तर तिच्या घराला ते केवढं मोठं असतं, हे मी डोळ्यांनी पाहते.

ऑपरेशननंतरची आणि केमोथेरपीची मळमळ हाही असाच, चांगला अभ्यासलेला विषय. पाळीतली पोटदुखी, टेनिस एल्बो, लागत नसलेली झोप यांत अनेकांना आराम पडतो, पण तिथे माझा शब्द एवढा ठाम नसतो.

धार काढणाऱ्या त्या मावश्यांना मी आधी थायरॉइड आणि साखर तपासायला सांगते, कारण मनगटातली शीर दबण्यामागे अनेकदा तेच असतं. मग रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा आणि जोडीला सुया. नुसत्या सुया लावत बसलं तर मूळ कारण आत तसंच वाढत राहतं.

आणि कशावर उपयोग होत नाही?

कॅन्सर बरा होत नाही. किडनीचा, हृदयाचा आजार बरा होत नाही. मुतखडा विरघळत नाही. कावीळ, डेंग्यू, टीबी यांवर सुया लावून घेत बसणं धोक्याचं आहे. वजन उतरवण्यासाठी, टकलावर केस येण्यासाठी, उंची वाढवण्यासाठी लोक विचारतात. त्यांना मी घरी पाठवते.

झिजलेल्या गुडघ्यातली कूर्चा सुयांनी भरून येत नाही. दुखणं कमी होतं, जिना चढता येतो, जोतिबाच्या पायऱ्या थांबत थांबत होतात. एक्स-रे मात्र तसाच राहतो. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर सहा महिन्यांनी माणूस नवा एक्स-रे घेऊन येतो आणि खचतो.

बीपी-शुगरच्या गोळ्या बंद होतील का?

नाही. एकही गोळी आमच्या सांगण्यावरून बंद करू नका. कुणी सुया लावणारा म्हणाला, "गोळ्या सोडा, मग बघा," तर त्या दारातून बाहेर पडा.

या बाबतीत मी कडक आहे आणि त्याला कारण आहे. शेजारच्या तालुक्यातून एक आजोबा आले होते. कुणीतरी त्यांना सुयांच्या भरवशावर इन्सुलिन सोडायला लावलं होतं. आले ते पायाच्या जखमेसाठी. मोजा काढला तर दोन बोटं काळी पडलेली. आम्ही एकही सुई न लावता त्यांना रिक्षात घालून रुग्णालयात पाठवलं. बोटं वाचली नाहीत. सौम्य उपचार म्हणजे बिनधोक उपचार नव्हे. त्याच्या नादी लागून गरजेचं औषध सुटलं की तोही जिवावर बेततो.

"मणक्यात गॅप आहे" म्हणून सांगितलंय. ऑपरेशन टळेल का?

'गॅप' हा आपल्याकडचा शब्द. एमआरआयमध्ये बहुतेक वेळा उलटं असतं : दोन मणक्यांमधली चकती दबून जागा कमी झालेली असते किंवा चकती मागे सरकलेली असते. चाळिशीनंतर काहीच दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही असे बदल सर्रास दिसतात. म्हणून कागद वाचून घाबरू नका. सायटिकाची, म्हणजे कंबरेतून पायात उतरणारी, बरीचशी दुखणी काही आठवड्यांत ऑपरेशनशिवाय उतरतात. त्या काळात दुखणं सुसह्य करायला, चालतंफिरतं राहायला सुयांची मदत होते.

पण काही लक्षणं दिसली की आमच्याकडे यायचंच नाही, थेट सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जायचं : लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पाऊल उचलता न येऊन चप्पल गळून पडणं, दुखण्यासोबत ताप किंवा वजन घटणं. इथे तासांचा हिशेब असतो.

खांद्याचंही एक सांगते. उद्यमनगरातले एक काका डावा खांदा भरून आला म्हणून आले. चेहरा घामानं भिजलेला, हात जबड्याकडे जात होता. खांदा हलवून पाहिला तर तो मोकळा फिरत होता. सुईचं पाकीट फोडलंच नाही. ईसीजी काढायला पाठवलं, हृदयविकाराचाच झटका निघाला. डावा खांदा, छाती, जबडा, घाम हे एकत्र दिसलं की ॲक्युपंक्चर, मालीश, जेल्युसिल, सगळं बाजूला ठेवा.

तोंड वाकडं झालंय, लकवा मारलाय. सुयांनी सरळ होईल?

आधी घड्याळ बघा. हात-पाय उचलत नाही, बोलणं अडखळतंय, तोंड एका बाजूला गेलंय, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्या वेळात देवऋषी, तेल, सुया काहीही नको.

नुसता चेहरा वाकडा झाला, डोळा मिटत नाही आणि डॉक्टरांनी बेल्स पाल्सी असं निदान केलं, तर स्टेरॉइडच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात. तिथे वेळ घालवला तर नंतर हळहळ उरते. गोळ्या सुरू झाल्यावर, डोळा कोरडा पडू नये याची काळजी घेत, सोबत सुया लावायला हरकत नाही. लकव्यातून उठताना फिजिओथेरपी मुख्य आणि आम्ही तिच्या मागे.

हे सगळं मनाचे खेळ तर नव्हेत?

प्रश्न रास्त आहे, त्यामुळे विचारणाऱ्याचा मला राग येत नाही.

जर्मनीत २००७ साली जुन्या कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. एका गटाला नेमक्या बिंदूंवर सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुया आणि तिसऱ्याला औषधं-व्यायाम असा नेहमीचा उपचार. सहा महिन्यांनी पहिल्या गटात सुमारे ४८ टक्के, दुसऱ्यात ४४ टक्के आणि तिसऱ्यात २७ टक्के लोकांना चांगला आराम होता.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही मान्य कराव्या लागतात. सुया लावून घेणाऱ्यांना नेहमीच्या उपचारापेक्षा बराच जास्त आराम पडला. पण नेमका बिंदू आणि भलताच बिंदू यांत फरक फार थोडा होता. अर्धशिशीतही तसंच. वर सांगितलेल्या आढाव्यातल्या ज्या चाचण्यांत खऱ्या सुयांची तुलना खोट्या, म्हणजे नुसत्या दिखाव्याच्या सुयांशी केली, तिथे खऱ्या सुयांनी शंभरात ५० जणांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर आले आणि खोट्या सुयांनी ४१ जणांचे. म्हणजे सुईचा स्पर्श, वीस मिनिटं शांत पडून राहणं, कुणीतरी आपलं दुखणं नीट ऐकून घेणं, बरं होईल ही आशा, या सगळ्याचा वाटा मोठा आहे. इंग्लंडमध्ये सरकारी सूचना काढणाऱ्या 'नाइस' या संस्थेनं २०१६ साली कंबरदुखीच्या सूचनांतून ॲक्युपंक्चर काढलं ते याच फरकाकडे बोट दाखवून. त्याच संस्थेनं २०२१ साली कारण न सापडणाऱ्या जुन्या वेदनेसाठी मात्र ते सुचवलं.

माझं मत विचाराल तर, दुखणारा माणूस औषधांचा मारा न होता चालायला लागत असेल, तर त्या आरामाला मी खोटा म्हणणार नाही. आणि बिंदूंच्या चमत्काराची जाहिरातही करणार नाही.

किती सिटिंग लागतील? खर्च किती?

नुकतीच धरलेली मान किंवा उसण दोन-तीनदा येऊन सुटते. वर्षानुवर्षांच्या दुखण्याला आठ ते दहा सिटिंग धरा, आठवड्यातून एक-दोनदा. एक सिटिंग वीस ते तीस मिनिटांची. सहाव्या सिटिंगला आपण दोघं मिळून पहिल्या दिवशीचा कागद काढतो. त्यावर तुम्हीच सांगितलेलं असतं : किती पायऱ्या चढता येतात, रात्री किती वेळा जाग येते, मांडी घालून किती मिनिटं बसता येतं. त्यात काहीच फरक नसेल तर मी थांबवते. चाळीस-पन्नास सिटिंगचं पॅकेज आधीच भरून घेणारा दवाखाना दिसला तर विचार करा. आमची फी दारातच लावलेली आहे आणि ती दर खेपेची दर खेपेला द्यायची.

उपाशीपोटी यायचं की जेवून?

खाऊन या. दीड-दोन तास आधी पोळी-भाजी, भाकरी, काहीही. हा नियम मी माझ्या चुकीतून शिकले.

नवरात्रातली गोष्ट. एक वहिनी मानेसाठी आल्या. त्यांचा नऊ दिवसांचा उपवास, त्यात सकाळपासून अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत उभ्या. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मान दुखते म्हणून मी त्यांना खुर्चीत बसवूनच सुया लावल्या. तीन मिनिटांत चेहरा पांढराफटक, हात गार, ओठावर घाम आणि मान कलली. झटकन सुया काढल्या, आडवं केलं, पाय उशीवर घेतले, ओला रुमाल फिरवला. दहा मिनिटांनी त्या उठून बसल्या आणि साखरपाणी प्यायल्या. काही वाईट झालं नाही, पण त्यांचा हात माझ्या हातात होता तेव्हा माझाच थरथरत होता. तेव्हापासून पहिल्यांदा आलेल्या कुणालाही मी बसवून सुया लावत नाही आणि "आज काय खाल्लंय?" हे नाव लिहिण्याआधी विचारते. उपवास असेल तर दुसऱ्या दिवशी या. देवी रागावत नाही.

सुयांनी एचआयव्ही, कावीळ पसरेल का? दवाखाना चांगला हे कसं ओळखायचं?

निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुया असतील तर ही भीती नाही. पाकीट तुमच्या समोर फोडलं जातंय ना, त्यावरची मुदतीची तारीख काय, हे बघा. बघायला लाजू नका. वापरलेल्या सुया पांढऱ्या, न फाटणाऱ्या बंद डब्यात पडल्या पाहिजेत, साध्या कचऱ्याच्या बादलीत नव्हे. "तुमच्या सुया डबीत नावानं ठेवतो, पुढच्या वेळी त्याच वापरू" असं कुणी म्हटलं तर नको म्हणा.

सुई काढल्यावर कधी रक्ताचा थेंब येतो, कधी निळा डाग पडतो, तो आठवड्यात जातो. काहींना गुंगी येते. म्हणून पहिल्या दिवशी गाडीवर एकटे येऊ नका. खांद्याच्या पाठीवर आणि छातीवर सुई फार खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. हे क्वचितच घडतं, पण घडतं. सिटिंगनंतर धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत टोचलं तर वाट न पाहता रुग्णालयात जा. शरीररचना शिकलेल्या माणसाकडूनच सुया लावून घ्या असा माझा आग्रह आहे तो याचमुळे.

याला सरकारी मान्यता आहे का?

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चर उपचारपद्धतीसाठी २०१५चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली राज्याची ॲक्युपंक्चर परिषद आहे. उपचार करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक मागा. आमचा भिंतीवर आहे.

गरोदर बाईनं सुया लावून घ्याव्यात का?

तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून आणि आम्हाला आधी सांगून. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधला बिंदू, घोट्याच्या आतल्या बाजूला चार बोटं वरचा बिंदू आणि पोट-कंबरेखालचे काही बिंदू गरोदरपणात परंपरेनं टाळले जातात. दिवस गेल्याची नुसती शंका असली तरी सांगा. सासूबाई सोबत असल्या की नव्या सुना गप्प राहतात, म्हणून हा प्रश्न मी त्यांना आत एकटीला नेऊन विचारते.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. पेसमेकर आहे.

गोळ्या बंद न करता या. कमी सुया, कमी खोल, आणि काढल्यावर जास्त वेळ दाबून धरतो. काही वेळा सुयांना यंत्रानं हलका विद्युतप्रवाह जोडतात. पेसमेकर असेल तर तो जोडत नाही, साध्या सुया लावता येतात. मधुमेहानं पायाची जाणीव गेली असेल तर तिथे शेक देत नाही. भाजलं तरी तुम्हाला कळणार नाही.

मोक्सा म्हणजे डाग देणंच ना?

अजिबात नाही. गावाकडे पोटदुखीला, काविळीला तापलेल्या लोखंडानं किंवा बिब्ब्यानं डागतात. लहान लेकरांच्या पोटावरही तसे व्रण मी पाहिलेत आणि ते पाहताना जीव कासावीस होतो. कृपा करून डागू नका.

मोक्सा म्हणजे एका वनस्पतीच्या वाळलेल्या पानांची लोकर करून केलेली कांडी. ती उदबत्तीसारखी पेटवून कातडीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर धरायची. ऊब आत शिरते, कातडीला हात लागत नाही. ही वनस्पती आपल्या दवण्याच्याच कुळातली, आर्टेमिसिया. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा. कांडी पेटली की आजींना तो वास ओळखीचा वाटतो. "जत्रा आठवली बघ," असं एक आजी दर वेळी म्हणतात आणि निम्मं दुखणं तिथेच सैल पडतं. धूर मात्र होतो. दमा असेल तर आम्ही ती कांडी पेटवत नाही.

ॲक्युप्रेशर, सुजोक, ड्राय नीडलिंग हे सगळं एकच का?

ॲक्युप्रेशरमध्ये बिंदू तेच, पण सुईऐवजी बोटाचा दाब. सुजोक कोरियातून आलं, त्यात सगळं शरीर तळहातावर आणि तळपायावर मांडलेलं असतं. ड्राय नीडलिंग बहुतेक फिजिओथेरपिस्ट करतात : सुई तशीच, पण ती स्नायूतल्या आखडलेल्या गाठीत घालायची, मार्गांचा विचार नाही.

हे डॉ. कोटणीसांनी भारतात आणलं ना?

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव निघालं की मन भरून येतं, पण ही माहिती थोडी वेगळी आहे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला गेलं. त्यात कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि बंगालचे डॉ. बिजॉयकुमार बसू होते. कोटणीसांनी तिथे केलं ते शल्यक्रियेचं काम, जखमी सैनिकांवर, रात्रंदिवस. डिसेंबर १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथेच गेले. ॲक्युपंक्चर भारतात आणलं ते बसूंनी. ते १९५०च्या दशकात पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि १९५९ साली कोलकात्यात उपचार सुरू केले.

पथ्य काय? तांबडा-पांढरा बंद का?

बंद नाही. सिटिंगच्या आधी भरपेट रस्सा-मटण नको, मग पालथं झोपता येत नाही. त्या दिवशी दारू नको. बाकी जे डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य आहे ते.

सुया लावलेल्या दिवशी तालमीत गेलं तर?

त्या दिवशी नको. वेदना दबलेली असते आणि पोरगा जोर-बैठका काढताना दुखावलेला स्नायू पुन्हा ताणतो. दुसऱ्या दिवशी हलकं सुरू करा. वस्तादांना माझा निरोप सांगा, ते ऐकतात.

लहान मुलांना?

सात-आठ वर्षांखालच्या मुलांना मी सुया लावत नाही. दाब देते, तेही आईच्या मांडीवर.

सुई नकोच वाटते. घरी काही करता येईल का?

एक बिंदू शिकून ठेवा. तळहात वर करा, मनगटाच्या घडीवर आपलीच तीन बोटं आडवी ठेवा. तिसऱ्या बोटाच्या कडेला, मधोमध दोन शिरांसारख्या ताठ दोऱ्या लागतात, त्यांच्या बरोबर मध्ये. चिनी नाव नेइग्वान. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर सगळ्यांत जास्त अभ्यासलेला बिंदू हाच. अंगठ्यानं दोन-तीन मिनिटं, दुखेल इतकं नाही पण जाणवेल इतकं दाबा, मग दुसरा हात.

कोकणात उतरताना गगनबावड्याच्या पुढं घाट लागला की मागच्या सीटवरची पोरं हिरवी-पिवळी पडतात. गाडी लागण्यावर याचा उपयोग सगळ्यांना होतोच असं नाही, पण करून बघण्यात काही जात नाही. वळणं सुरू व्हायच्या आधीच, गगनबावड्याला चहाला थांबाल तेव्हा दाबायला घ्या, आणि खिडकी थोडी उघडी ठेवा.